एका रुळावर दोन इंजिनं

साखरशेत, ता. जव्हार
२ ऑगस्ट २०२४

हर्षाली,

फोन तू उचलत नाहीस. पत्र फेकून द्यायला तरी हातात घ्यावं लागतं, म्हणून लिहिते. दुसरी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे. वाचताना डोळे दुखले तर दुखू दे.

तुझा आजा आता फार दिवस काढत नाही. होळीनंतर त्याला झटका आला हे तुझ्या बापाने, गोकुळने, कळवलंच असेल. उजवा हात, उजवा पाय गेला. तोंडातून शब्द येत नाही, लाळ येते. परवा डॉक्टरने गोकुळला बाजूला नेऊन सांगितलं, दिवाळी बघितली तर खूप झालं. बाजूला कशाला नेलं कळत नाही. मी काय तिथे गळा काढणार होते?

त्याची खाट आम्ही पडवीत टाकली आहे, त्याच्या त्या छोट्या आगगाडीच्या रुळांच्या टेबलाला लागून. तिथेच टाका असा हट्ट. आत घेतली तर डाव्या हाताने भिंत बडवतो. टेबलावरची धूळ आता मी पुसते. तुझ्या बापाला पंचायत समितीतल्या टेबलावरची पुसवत नाही, तो हे काय पुसणार. स्टेशनाचं एक कौल उंदराने नेलंय. बाकी सगळं आहे तसं आहे, शेणमातीचा घाट, बोगदा, सिग्नल, नऊ डबे.

आता कामाचं. गेला महिनाभर म्हातारा डाव्या हाताची दोन बोटं उशीवरून चालवतो. एक पुढे, एक मागे. मला वाटलं बाहेर जायचंय, म्हणून मी भांडं आणलं. तर असा भडकला की भांडं उडवून दिलं. मग सखा सुतार आला बघायला. दोन मिनिटं बघितलं आणि मला म्हणाला, "अगं वयनी, लघवीला नाय लागली त्याला. दोन इंजिनं म्हणतोय तो. पुढं कोळशावाली, मागं डिझेल."

म्हाताऱ्याने डोळे मिटले आणि मान हलवली. घरात एकाला तरी अक्कल आहे असं तोंड केलं.

तर तेवढंच त्याला बघायचं आहे. त्याचं इंजिन आणि तुझं डिझेल, एका गाडीला जोडून, एकदा. त्याचं इंजिन जळकं आहे, बिस्किटाच्या डब्यात ठेवलंय. तू नाशिकला कंपनीत मोटरीच गुंडाळतेस म्हणे, तुला ते अवघड नाही. तुझं डिझेल तू जाताना घेऊन गेली होतीस, ते घेऊन ये.

तीन वर्षांपूर्वी दसऱ्याला झालं ते झालं. इंजिन जळलं, तो बोलला, तू गेलीस. आता ते उकरण्यात काय आहे?

पाकीट भाताच्या शितांनी चिकटवलंय. गोकुळने वाचायला नको.

बुधी आजी


२३ ऑगस्ट

हर्षाली,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी लिहायला कंपनीचा एवढा मोठा कागद कशाला लागतो?

तू लिहितेस, "मला माफ करायला बोलावत असाल तर मी येणार नाही. माझ्या हातून काही बिघडलं नव्हतं. आजाला हे मान्य आहे का ते विचार."

विचारलं. खाटेजवळ बसून, कानाशी तोंड नेऊन विचारलं, "त्या दिवशी पोरीची चूक नव्हती. असं म्हणतोस का?"

त्याने मान हलवली. आडवी. नाही म्हणाला. आणि लगेच परत ती दोन बोटं उशीवर, एक पुढे, एक मागे. म्हणजे चूक तुझीच, पण तू ये. असा आहे तो. शब्द गेले तरी हेका गेला नाही.

त्याचं तुला ठाऊक आहे. मनमाडच्या शेडमध्ये बावीस वर्षं कोळसा ओढला. फावडं मारून मारून पाठीचं लाकूड झालं, पण इंजिन त्याच्या हातावर चालायचं. मग डिझेल आली. फावडं काढून घेतलं आणि याला दुसऱ्या माणसाच्या शेजारी बसवलं, हात मांडीवर ठेवून. पगार तोच, उलट वाढला. पण घरी आला की जेवताना बोलायचा नाही. रिटायर झाल्यावर हे टेबल मांडलं. पितळी स्टोव्हच्या टाकीचं पोट, घड्याळाची चाकं, टेपरेकॉर्डरची मोटर, असं ते इंजिन एकट्याने दीड वर्षात उभं केलं. वाफेचं म्हणायचं, आत वाफ नाही. पण हा त्याच्याकडे बघायचा तसा कधी माझ्याकडे बघितला नाही. ते जाऊ दे.

मग तू आयटीआयमधून डिझेल करून आणलंस. काय भांडलात दोघं!

"आज्या, शेवटी शेवटी दोन्ही एकत्रच चालायची ना? तूच सांगतोस."

"चालायची. म्हणून माझ्या घरात चालवू? सवतीला सवतीच्या मांडीवर बसवतात काय?"

"कोळशावालीला घाट चढवत नाही नऊ डब्यांनिशी. मी मागून ढकलते फक्त."

"ढकलते! मागनं ढकलून मारणार तू तिला!"

तरी शेवटी त्यानेच हाताने तुला जागा करून दिली. महिनाभर तुम्ही दोघं घड्याळ घेऊन बसलात. दोघींना वीज सारखीच दिली तर डिझेल चौदा सेकंदांत फेरी मारायची आणि याची म्हातारी बावीस. अशी दोन जोडली तर एक ओढते, एक अडते, आणि अडणारी जळते, हे मी भाकऱ्या थापता थापता शिकले. तू डिझेलच्या पोटात कसला तरी बारीक नग बसवलास, वीज खाणारा. मग दोघी बावीसला बावीस. म्हातारा त्या दिवशी दोनदा जेवला.

आणि दसऱ्याला सगळा पाडा बघायला आला. गाडी घाटाच्या अर्ध्यात पोचली आणि त्याचं इंजिन थबकलं. मागून तुझी ढकलतच होती. धूर, जळका वास. आणि मग तो वीस माणसांसमोर तुला बोलला, "डिझेलनं माझी नोकरी खाल्ली, आता हीपण खाल्ली. ज्याच्या हाताला घाई हाय त्यानं इंजिनाला शिवू नये. निघ."

हे सगळं तुला माहीत आहे. मी का लिहितेय मला माहीत नाही.

तू ये. तो मरायला टेकलाय. चूक तुझी म्हणाला तर म्हणू दे, तुझ्या अंगाला भोकं पडत नाहीत. मी त्याच्याशी वाद घातला नाही. का नाही घातला ते विचारू नको.

बुधी आजी


९ सप्टेंबर

हर्षाली,

तुझं उत्तर नाही. बरोबर आहे. मी असते तर मीही दिलं नसतं.

म्हातारा आता पेजेशिवाय काही गिळत नाही. दोन बोटं अजून चालवतो, पण उशीच्या टोकापर्यंत नेता नेता दमतो. मध्येच थांबतात.

मी दोन दिवस कागद घेऊन बसले. एकदा लिहून चुलीत घातला. आता लिहिते ते घालणार नाही.

इंजिन मी जाळलं.

दसऱ्याला घरातल्या लोखंडाची पूजा कोण करतं? मी करते. नांगराचा फाळ, कोयता, विळे, गोकुळची मोटारसायकल, सगळ्याला शेंदूर-तेल, वर तांदूळ. इंजिनाला करायची नाही असं म्हाताऱ्याने घालून दिलं होतं. दर दसऱ्याला सांगायचा, "बुधे, तिला हात न लावणं हीच तिची पूजा." मी म्हणायची बरं. आणि दरवर्षी मनात यायचं, कोयत्याची पूजा होते, आणि ज्याच्यावर याचा जीव आहे ते तसंच उघडं-बोडकं. कधी काही झालं तर बोल मलाच येईल.

त्या वर्षी पाडा जमणार होता, नजर लागणार होती. सकाळी तू अंघोळीला गेलीस आणि तो सखाकडे बाकडी मागायला गेला. मी ताट घेऊन गेले. धुराड्याला शेंदूर लावला, चाकांना शेंदूर-तेलाचं बोट लावलं, आणि तांदूळ वाहिले. चार-पाच दाणे. धुराड्याच्या तोंडातून आत गेले असतील असं मनातही आलं नाही. मग शेंदूर दिसेल म्हणून फडक्याने पुसून घेतला. पूजा देवाला पोचली होती, म्हाताऱ्याला कशाला दिसायला पाहिजे.

तुझ्या डिझेलला लावला नाही. मुद्दाम. ते मला आपलं वाटत नव्हतं. तेही आज लिहून टाकते.

इंजिन जळलं तेव्हाही मला कळलं नव्हतं. तू रडत बॅग भरत होतीस आणि हा डब्याचं झाकण लावून भिंतीकडे तोंड करून बसला होता. दुसऱ्या दिवशी तो शेतावर गेला. मी डबा उघडला. ते पोट कसं सुटतं ते मी शंभर वेळा बघितलंय, खालून चार स्क्रू. सुरीच्या टोकाने काढले. घड्याळाच्या दोन चाकांच्या दातांत एक तांदूळ बसला होता. तेलात भिजून काळा, फुगलेला. चाक फिरायचं थांबलं, मोटर आतल्या आत कुढत राहिली आणि जळली. तुझ्या ढकलण्याने काही झालं नाही. तुझं गणित बरोबर होतं.

मी तो दाणा काढला आणि कोंबड्यांना टाकला. स्क्रू परत लावले.

का सांगितलं नाही? तो वीस माणसांसमोर तुला बोलला. तू तरणी, तुला बाहेर जायला वाट होती. तेच मला बोलला असता तर मला याच पाड्यात, त्याच माणसांतून पाण्याला जायचं होतं. आधी वाटलं, आठवड्याने पोरगी येईल, मग सांगू. मग दिवाळी गेली. मग तू फोन घेईनाशी झालीस आणि सांगायला कोणी उरलं नाही. म्हाताऱ्याला सांगायला तर आणखीच उशीर झाला.

रडून लिहीत नाही. रडून काय होणार आहे?

बुधी


२४ सप्टेंबर

हर्षाली,

तुझी एक ओळ आली. "हे आजाला तू सांग, तुझ्या तोंडाने. मग मी येते." खाली सही पण केली नाहीस.

पहिले चार दिवस मी सांगितलं नाही. त्याला ताप होता म्हणून, मग गोकुळ घरी होता म्हणून, मग नाचणी निंदायची होती म्हणून. कारणं सापडतात. पाचव्या दिवशी सखा आला तेव्हा मला वाटलं त्याच्यासमोर सांगावं, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

पेज भरवत होते. वाटी खाली ठेवली आणि सांगितलं. शेंदूर, तेल, तांदूळ, सुरी, कोंबड्या, सगळं. "पोरीची चूक नव्हती. तुझं इंजिन माझ्या पूजेनं मेलं. आणि तीन वर्षं मी गप्प बसले."

सखा म्हणाला, "वयनी, ते राहू दे आता, त्याला काय कळतंय."

कळतंय. डोळ्याचं पातं न हलवता माझ्याकडे बघत होता. किती वेळ ते सांगता येत नाही, पेजेवर साय धरली एवढा. मी परत वाटी उचलली, चमचा तोंडाशी नेला. त्याने डाव्या हाताने वाटी बाजूला सारली. भांडं उडवून दिलं होतं तसं रागाने नाही. हळूच. सांडू न देता.

संध्याकाळी गोकुळ आला, त्याच्या हातून जेवला. आज पाच दिवस झाले. माझ्या हातून पाणीसुद्धा घेत नाही. मी अंगाला हात लावला तर लावू देतो, पुसलं तर पुसू देतो, खायला घातलं तर तोंड मिटतो. गोकुळ विचारतो, "आये, काय झालं गं?" मी सांगितलं, त्यालाच विचार, तो बोलायला लागला की.

मी माझं काम केलं. आता तू तुझं कर. रविवारी सकाळची नाशिकहून गाडी आहे, मोखाड्याला उतर, बाप घ्यायला येईल.

बुधी


२३ ऑक्टोबर

हर्षाली,

तुझा आजा गेला त्याला पंधरा दिवस झाले. तू अग्नीला होतीस, दहाव्याला होतीस, बाराव्याला होतीस. प्रत्येक वेळी मी तुला बघत होते आणि तू माझ्या पलीकडच्या भिंतीला. मी ओरडत नाही, फक्त सांगते की मला दिसत होतं.

जे तोंडाने बोलता आलं नाही ते लिहिते, हे शेवटचं.

त्या रविवारी तू आलीस तेव्हा मी चुलीजवळच राहिले. दारातून दिसत होतं सगळं. तू त्याच्या पायाला हात लावलास आणि त्याने डाव्या हाताने तुझं मनगट धरलं. तू डबा उघडून इंजिन सोडवलंस, चाकांच्या दातांतला वाळलेला शेंदूर सुईने खरवडलास. तो शेंदूर कागदावर पडत होता तेव्हा तो माझ्याकडे बघेल असं मला वाटलं. त्याने बघितलं नाही. तुझ्या हाताकडेच बघत होता.

नवी मोटर बसवलीस तर उलटंच झालं. आता याचीच म्हातारी पळायला लागली आणि डिझेल मागे राहायला लागली. तू हसलीस. "आज्या, तुझी तर तरणी झाली!" मग डिझेलच्या पोटातला तो नग काढून इंजिनात घातलास. घड्याळ लावलं. एकोणीस, अठरा, एकोणीस. तो बोटांनी सांगत होता, अजून, अजून एकदा. दुपार कलली. पाणी तू बापाकडे मागितलंस. हंडा माझ्या हाताशी होता.

मग जोडलीस. पुढे ती, मागे तुझी, नऊ डबे. वीज सोडायची चक्री फिरवायच्या आधी त्याने हात आडवा धरला, हळू. तू विचारलंस, "अजून दिसते घाई माझ्या हाताला?"

त्याने मान हलवली. नाही. आणि ते 'नाही' मला तीन वर्षं पाहिजे होतं, तुला पाहिजे होतं त्याहून जास्त.

घाट चढली. बोगद्यातून निघाली. अकरा फेऱ्या मोजल्या मी. बाराव्याला तो झोपला होता आणि तू वीज हळूहळू कमी केलीस, धक्का न देता.

त्यानंतर नऊ दिवस जगला. गोकुळच्या हातून पेज, सखाच्या हातून चहा. भागी, माझी बहीण, जामसरहून आली होती, तिच्या हातूनसुद्धा दोन घास. माझ्या हातून नाही. पेज मीच करायची, वाटीत मीच काढायची, पडवीच्या उंबऱ्यावर ठेवायची आणि आत जायची. गेला त्या सकाळी गोकुळ भरवत होता. मी आत चुलीशी होते, भात झाला का बघत. चौपन्न वर्षं संसार केला आणि शेवटचा घास दुसऱ्याने घातला. तो मला माफ न करता गेला. शुद्धीत होता, ठरवून गेला. त्याचा हक्क होता.

तू सांगायला लावलंस म्हणून असं झालं, असं मी कोणाला म्हणत नाही. मनात आलं होतं, खोटं बोलणार नाही. मग वाटलं, मी सांगितलं नसतं तर त्याने माझ्या हातून खाल्लं असतं आणि तुझ्यावरचा डाग घेऊन गेला असता. त्याच्या तोंडात घास गेला असता, पण तो खोटा घास. तू बरोबर सांगितलंस.

आता टेबलाचं. भाताची कापणी आटोपली की पडवी लागणार आहे, पेंढे ठेवायला जागा नाही. गोकुळ म्हणतो, एखाद्या शाळेला देऊ. सखा म्हणतो, मला द्या, मी मांडून ठेवतो. मी दोघांनाही नाही म्हणाले. ते तुझं आहे. दोन्ही इंजिनं, डबे, रूळ, चक्री, स्टेशनसुद्धा. सखाला सांगितलंय, तो टेबलाचे चार तुकडे करून देईल, टेम्पोत मावतील. इंजिनं कापसात गुंडाळ, घाटात गाडी उडते.

मी माफी मागत नाही. तुझ्या आजाकडून नाही मिळाली, तुझ्याकडून मागितली तर ती तू नातं म्हणून देशील, आणि तसली मला नको.

तुला माझं तोंड बघायला नको वाटत असेल तर तेही बरोबर आहे. कोणत्या रविवारी येतेस ते तुझ्या बापाला कळव. मला कळवू नको, तो मला सांगेल. आदल्या दिवशी दुपारच्या गाडीने मी भागीकडे जामसरला जाईन आणि सोमवारी परत येईन. किल्ली सखाकडे असेल. चुलीवर पेज करून ठेवलेली असेल. ती माझ्या हातची आहे, हे सांगून ठेवते.

बुधी